नाली बांधली म्हणजे सांडपाण्याची सोय झाली नाही

आपल्या मराठवाड्यात ग्रामपंचायतीकडं निधी आला की पहिलं काम निघतं सिमेंटच्या नालीचं. ती नाली कुठं जाऊन संपते, हे ग्रामसभेत सहसा कुणी विचारत नाही. किती तरी गावांत ती ओढ्यात संपते, अन् त्याच ओढ्याच्या काठाला पाणीपुरवठ्याची विहीर असते. मला हे अजिबात पटत नाही.

जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलंय. दोन हजार वस्तीच्या गावाला 1,10,000 लिटर. त्यातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास मोरीतून, न्हाणीतून परत बाहेर पडतं, म्हणजे रोज पाऊण लाख लिटरच्या वर. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि त्याच मुलखात आपण एवढं पाणी डासांना देतोय.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे केले, उघड्या नाल्या संपवल्या, डास हटवले. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. एवढंच. त्यातूनच 'नांदेड पॅटर्न' हे नाव पडलं.

पण हाच खड्डा जसाच्या तसा सगळीकडं चालत नाही, आणि हे स्पष्ट बोललं पाहिजे. मुरमाड जागेत पाणी झटक्यात मुरतं. काळ्या मातीत मात्र माती भिजून फुगते अन् पाणी धरून ठेवते. गावठाणाबाहेर काळ्या रानात नवी घरं झालीत, तिथले खड्डे पहिल्याच पावसाळ्यात तुंबतात. मग घरमालक वैतागून पाइप नालीत सोडतो, अन् योजनेचं नाव खराब होतं. म्हणून आधी जागेवर खड्डा खणून पाणी भरा, रात्रभर मुरू द्या, सकाळी परत भरून बघा. पाणी हललं नाही तर तिथं शोषखड्ड्याचा हट्ट नको. विहीर-हापशाच्या जवळही नको.

दुसरी गोष्ट खड्ड्याच्या आधीच्या छोट्या कुंडीची. मी झाकण उघडून बघितलंय. वर तेलकट साय, जाळीला भाताची शितं अन् केसांचा गुंता, तळाला भांडी घासलेली राख. ही कुंडी आठवड्याला साफ केली नाही तर तो सगळा गाळ दगडांत जातो आणि चांगला खड्डाही तुंबतो.

जिथं मुरत नाही तिथं नालीच्या टोकाला ओळीनं तीन तळी घ्या. पहिल्या खोल तळ्यात गाळ बसतो, पुढच्या उथळ तळ्यांत ऊन, शेवाळ आणि जिवाणू पाणी निवळतात. वीज लागत नाही, ऊन आपल्याकडं भरपूर आहे. जागा मात्र लागते, आणि गायरानावरून भांडणं होतात, ते खरं आहे. निवळलेलं पाणी झाडांना, चाऱ्याच्या गवताला जाऊ शकतं.

सगळ्यात चीड येते ती संडासाच्या टाकीचा पाइप नालीत सोडलेला दिसला की. त्या नालीच्या कडेला लेकरं खेळतात! नवीन संडास बांधताना दोन शोषखड्ड्यांचाच बांधा.

पैसा नाही म्हणू नका. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंतची तरतूद केली. दोन हजारांच्या गावाला 5,60,000 झाले. शोषखड्डा रोजगार हमीतूनही होतो. पुढच्या ग्रामसभेत नालीचा ठराव आला की उठून एवढंच विचारा: टोकाला काय बांधणार, आणि कुंड्या कोण साफ करणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, मगच हात वर करा.