निसर्गाच्या जवळ जायचंय? मग आमच्या वावरात या

शहरात तुमचा जीव गुदमरतो, हे मला आता पाठ झालं आहे. जानेवारीत आमचे जवाई, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, पुण्याच्या सोसायटीतली बावीस माणसं घेऊन आमच्या वावरात आले होते. दोन दिवस, मातीशी नातं जोडायला. मूळचे ते इकडचेच, यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसकडचे, पण पंधरा वर्षांत त्यांचं मातीशी तुटलं होतं म्हणे. जोडून गेले. तेव्हापासून निसर्गाच्या जवळ कसं जावं हे मला चांगलंच कळलं आहे, आणि हे ज्ञान एकटीपाशी ठेवणं बरं नाही.

जायच्या आधी फोन करावा. विचारायला नाही, कळवायला. "वहिनी, काही करू नका हं, अगदी साधं. चुलीवरचं पिठलं, भाकरी, ठेचा, एका वेळेला रोडगे आणि वांग्याची भाजी. जमलंच तर सोलेभात." साधं म्हणजे चार बायांचं दोन दिवसांचं काम, पण हे फोनवर ऐकू येत नाही. बावीस माणसांच्या सोलेभातासाठी तुरीच्या शेंगा सोलायला बसा एकदा. मग नखांना पॉलिश लागत नाही, कारण नखंच उरत नाहीत.

कपडे शुद्ध सुती घालावेत. सदऱ्याची किंमत आवर्जून सांगावी, कापसाचा भाव विचारू नये.

दात कडुनिंबाच्या काडीनं घासावेत. एका काडीसाठी अख्खी फांदी मोडू नये, एवढीच विनंती.

आता सौंदर्य. पाहुण्यांतल्या एका ताईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "तुम्ही चेहऱ्याला काय लावता? किती नॅचरल आहे!" मी म्हटलं, ऊन. तेही ताजं. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा सकाळी सहापासून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटाव्यात. रंग असा बसतो की कोणत्याच साबणानं उतरत नाही. ताईंना ते विनोदी वाटलं. मग त्यांनी पिशवीतून काचेची छोटी बरणी काढली. आत माती होती, केस धुवायची. वर लिहिलं होतं की ही आजीच्या काळातली कृती आहे. माझ्या सासूबाई त्याच आजीच्या काळातल्या. त्यांनी बरणी उलटीपालटी करून पाहिली, किंमत ऐकली आणि म्हणाल्या, "अवो बाई, येवढ्या पैशात तं म्या तुमाले टॅक्टरभर आनून देली असती!" सगळे हसले, व्हिडिओ काढला. सासूबाई मातीनं डोकं धूत होत्या ते घरात साबणाची एकच वडी असायची आणि ती कपड्यांना लागायची म्हणून. तुला शाम्पू हवा होता का, असं तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही. आताही नाही विचारलं.

टाचांच्या भेगांना बिब्बा लावतात हेही त्या ताईंनी टिपून घेतलं. लावा. बिब्बा उतला, अंगावर फोड आले की दवाखान्यात तेवढं सांगा की कृती नैसर्गिक होती.

खाण्यात ज्वारी असावी. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, सरकारनं ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' म्हटलं, आणि तेव्हापासून आमची भाकर एकदम मोठ्या घरची झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा पाहुणा दिसला की शेजारून गव्हाचं पीठ उसनं आणायचं आणि भाकरीची टोपली फडक्याखाली झाकायची, अशी रीत होती. पाहुण्याला भाकर वाढली तर गावभर नाव निघायचं. आता पाहुणा भाकर मागतो, आणि आमच्या कोठीत आहे रेशनचा गहू नि तांदूळ. ज्वारी पेरायची म्हटली तर राखायची कोणी? दिवसा पाखरं, रात्री रोही (तुमच्या नीलगाई) आणि डुकरं. डुकरांचा कळप एकदा फिरला की उभं पीक जात्यात घातल्यासारखं होतं. म्हणून आम्ही सोयाबीन पेरतो. ते विकतो (भावाचं वर सांगितलंच आहे, विचारू नये). त्या पैशातून बाजारातून ज्वारी आणतो, दळतो, थापतो आणि तुम्हाला वाढतो. तुम्ही पहिला घास घेता, डोळे मिटता आणि म्हणता, "घरच्या ज्वारीची चवच वेगळी."

चुलीवरच्या चवीबद्दल तर मी काय बोलणार. २०१६ साली उज्ज्वला आली, आमच्या गावातही लाल टाक्या आल्या. बाया खुश झाल्या, डोळ्यांचं पाणी थांबलं. पुढे टाकी भरायला पैसे नसले की पुन्हा चूल, ती गोष्ट निराळी. पण त्या दोन दिवशी माझी टाकी भरलेली होती हो! भरलेली टाकी बाजूला सारून मी सांदीतली ओली पऱ्हाटी पेटवली, कारण धुराशिवाय तुम्हाला गाव वाटत नाही. फोटोत माझे डोळे लाल दिसतात. खाली कुणीतरी लिहिलं, 'किती समाधानी चेहरा'.

तरोटा, काटवल या रानभाज्या पावसाळ्यातल्या. जानेवारीत मागू नयेत.

वांगी मात्र नीट निवडून घ्यावीत. जवाईबापूंनी आदल्या रात्री शेकोटीपाशी विषमुक्त अन्नावर अर्धा तास सांगितलं. सकाळी मी वांगी तोडून आणली, घरापुरत्या दोन ओळी लावते त्यातली, एकही फवारा न मारलेली. पाहुण्यांनी टोपलीतून निम्मी बाजूला काढली. का? "छिद्रं आहेत, आत अळी असेल." असेलच! अळीला तरी विषमुक्त कळतं. तुम्हाला फवारा नको आणि अळीही नको, म्हणजे बसून एकेका वांग्याची समजूत काढायची का आम्ही? आणि फवाऱ्याचं नाव काढलंच आहे तर ऐका. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसच्या वर माणसं विषबाधेनं मेली. शेतकरी होते, शेतमजूर होते. शेकडो दवाखान्यात पडले. बहुतेक जण कापसावर फवारत होते. तोच कापूस, जो शुद्ध म्हणून तुम्ही अंगावर घालून आला होता. हे मी तेव्हा बोलले नाही. जवाई आहेत, घरी आलेल्या जवायासमोर कोण बोलतं.

असो. सल्ला देत होते मी.

तर आता ताट-वाटी. पर्यावरणाची काळजी असलेल्या माणसानं दुसऱ्याच्या घरची भांडी वापरू नयेत, घासायला पाणी लागतं. आपली पत्रावळ आपण आणावी. जवाईबापूंनी आणली होती. एक खोकं, त्यावर प्लास्टिकचं वेष्टण, आत दहा-दहाचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला प्लास्टिक. लाकडी चमचे होते, झाडावर प्रेम म्हणून, आणि एकेक चमचा स्वतंत्र प्लास्टिकच्या पाकिटात झोपवलेला. आमच्या धुऱ्यावर सात पळस उभे आहेत. सासूबाईंनी चार दिवस दुपारी बसून साठ पत्रावळी टाचल्या होत्या, हिराच्या काड्या लावून, गोल, एकसारख्या. आमच्याकडे लग्नंसुद्धा याच पानांवर उठत होती एके काळी. पाहुण्यांना त्या फार आवडल्या. एकीवर रोडगा, वांग्याची भाजी आणि मिरची मांडून फोटो काढला. मग जेवायला आपल्या ताटल्या घेतल्या. पानांचं 'हायजिन' सांगता येत नाही म्हणे. उरलेल्या एकोणसाठ पत्रावळी सासूबाईंनी काही न बोलता उचलून माळ्यावर ठेवल्या.

पाणी विहिरीचं नको, म्हणून बाटल्यांची चार खोकी. ओठ पुसायला ओले कागद, हात पुसायला ओले कागद, लेकरांचं ढुंगण पुसायला ओले कागद, आणि पाकिटावर हिरवं पान छापलेलं. ते ओले कागद कागद नसतातच बहुधा, त्यात पॉलिस्टरचा धागा असतो, मातीत पडले तर वर्षानुवर्षं पडून राहतात. पण हिरवं पान छापलं की सगळं माफ. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी झाली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली. हे मला कुणी सांगितलं? जवाईबापूंनीच, शेकोटीपाशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या गेल्या. नणंद थोडा वेळ मागे रेंगाळली, दोन बाटल्या उचलल्याही तिनं, "वहिनी, मी आवरते" म्हणाली, तेवढ्यात तिकडून हाक आली, ग्रुप फोटोत तू नाहीस. ती गेली. मग मी आणि सासूबाई वावरात गेलो. तुरीच्या तासात ताटल्या. पाटाच्या दांडात बाटल्या. बाभळीच्या काट्यांना ओले कागद अडकलेले, लांबून पाहिलं तर बगळे बसल्यासारखे. आम्ही अंधार पडेपर्यंत वेचलं. वाटलं, झालं सगळं.

झालं नव्हतं. खरकट्याची एक पिशवी कुणीतरी गाठ मारून, शिस्तीत, बांधाच्या पलीकडे ठेवली होती. गाठ मारलेली पिशवी जनावराला सोडता येत नाही. मीठ लागलेलं असतं, वास येतो, ते पिशवीसकट गिळतं. आमच्या गाईनं गिळली. पाच महिन्यांची गाभण.

फेब्रुवारीत तिनं रवंथ बंद केलं. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. तेल पाजलं, चालवून आणलं, डॉक्टरांनी दोन दिवस औषधं दिली, मग म्हणाले, पोट उघडावं लागते. गाईला माणसासारखं ओकून टाकता येत नाही आणि प्लास्टिक पुढे सरकत नाही, पहिल्या कप्प्यातच साचून त्याचा गोळा होतो. गोठ्यात उभ्या गाईची कूस बधिर करून त्यांनी चिरली आणि कोपराच्या वरपर्यंत हात आत घातला. मी कंदील नाही, मोबाइलची बत्ती धरून उभी होते, तुमच्यासारखीच. जे निघालं ते घमेल्यात मावेना. दोरासारखं पिळलेलं, काळंहिरवं, वास असा की सासूबाई बाहेर जाऊन बसल्या. मी बादलीभर पाण्यात एक तुकडा धुतला. ओला कागद होता, पाकिटाच्या चिंधीत गुंडाळलेला. चिंधीवरचं हिरवं पान तसंच्या तसं. रंग गेला नव्हता.

खरं सांगायचं तर त्या गोळ्यातलं सगळं पुण्याचं नव्हतं. आतल्या थरात आमच्याच गावच्या खर्र्याच्या, तंबाखू-सुपारीच्या, पन्न्या होत्या, बियाण्याच्या पाकिटाचा कोपरा होता, गेल्या सालच्या लग्नातला थर्माकोलचा द्रोण होता. तेव्हा गावकऱ्यांनो, माना डोलावू नका. पळस दारात उभा असताना लग्नाला थर्माकोल आणणारे आपणच, आणि जेवणावळ उठली की ते सगळं नाल्यात लोटणारे आपणच. पहिल्या पावसात ते वाहून खालच्या गावाच्या पांदणीत जातं, आणि आपण म्हणतो, गाव स्वच्छ झालं.

गाय वाचली. वासरू नाही वाचलं.

आणि परवा फोन आला. "वहिनी, पळस फुललाय का? होळीला यायचं म्हणतोय. पोरांना फुलांचा नैसर्गिक रंग करून दाखवू. या वेळेला तीस जण आहोत." गाईचं त्यांना सांगितलं होतं. "हो ना, वाईट झालं. तुमच्याकडे अवेअरनेस कमी आहे हो, गाडगेबाबांच्या मातीत असं व्हावं!" असं म्हणाले.

गाडगेबाबांचं नाव घेऊ नका, जवाईबापू. तो माणूस अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, इथलाच. हातात खराटा घेऊन गावात शिरायचा, आधी गाव झाडायचा आणि मग रात्री कीर्तनाला उभा राहायचा. तुम्ही आधी कीर्तन केलंत आणि झाडायला आम्हाला ठेवून गेलात. माझा खराटा हातात घेऊन फोटो काढलात तो वेगळा. निसर्ग तुम्हाला कुठेच सापडला नसता, तरी तुमच्या स्वतःच्या आईच्या हातावर चुलीचे चटके आहेत, ते पाहायचे होते. पंधरा वर्षांत माणूस एवढं विसरतो? बाटली रिकामी झाली की ती कुठं जाते, हे बावीस शिकलेल्या माणसांतल्या एकालाही का सुचत नाही? कार होती ना तुमच्याकडे? चार होत्या. डिक्क्या जाताना रिकाम्या होत्या. नाही, चुकले. सासूबाईंनी दिलेली तूरडाळ आणि जवसाची चटणी होती त्यात. त्याला जागा झाली.

लाज वाटायला पाहिजे. तुम्हाला वाटत नाही, आणि तुम्ही जवाई म्हणून मला बोलायची वाटली, त्यात गाभण गाय फाडावी लागली.

पळस फुललाय. धुऱ्यावरचे सातही लाल झालेत. यायचं तर या, माळ्यावर एकोणसाठ पत्रावळी पडल्या आहेत, जेवण त्यांच्यावरच मिळेल आणि पाणी विहिरीचं. गोठ्यामागे खताची तीन रिकामी पोती भरून, तोंड शिवून ठेवली आहेत. बाटल्या, ताटल्या, चमच्यांची पाकिटं, सगळं मोजून भरलं आहे. ते तुमचं आहे. आल्याबरोबर आधी ते डिक्कीत टाका, मग चहा ठेवते.