‘जिद्द कमी पडली’ म्हणणाऱ्यांना

एवढं शिकवलं ते जर्मनीत जाऊन म्हाताऱ्यांचे डायपर बदलायला का? आमच्या भावकीच्या ग्रुपवर महिनाभर हेच चाललंय. निमित्त माझ्या पुतण्याचं. बी.ई. झाला, मग सदाशिव पेठेत राहून एमपीएससीची तयारी केली, आणि ती सोडून इथे श्टुटगार्टजवळ नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या व्यवसाय-प्रशिक्षणाला, आला. २०२४ मध्ये महाराष्ट्राने याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हाही ‘आपली पोरं हमालीला धाडणार का’ असा सूर निघाला होता. तेव्हा मी गप्प बसलो. आता पोरगा घरचा आहे.

आप्पांनी लिहिलं, ‘जिद्द कमी पडली.’ हे मला झोंबलं. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८. तोवर घरून पैसे मागवत अभ्यासिकेत बसायला कुणाची ना नसते. पर्यायांऐवजी सविस्तर उत्तरं लिहायची वर्णनात्मक परीक्षा लगेच नको म्हणून २०२३ मध्ये मुलं पुण्यात रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे ती २०२५ वर गेली. जागा किती निघणार, परीक्षा कधी होणार, यातलं काहीच त्यांच्या हातात नाही. तरी ‘तयारी करतोय’ एवढं म्हटलं की गावात मान शाबूत राहतो. तो मान सोडून उठायला जिगर लागते, आप्पा. बसून राहायला लागत नाही.

इथे त्याला तीन वर्षं शाळा आणि वॉर्ड, पगार पहिल्या महिन्यापासून. फ्र्यूडीन्स्ट, म्हणजे सकाळची पाळी, असली की पहाटेच निघतो. परवा जेवताना मला शिकवत होता: लकवा झालेल्या आजींना सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी, म्हणजे खांदा ओढला जात नाही. स्वतःचा हात लुळा सोडून त्याने ते करून दाखवलं, दोनदा. राज्यघटनेची कलमं पाठ म्हणताना मी त्याला ऐकलं आहे. तेव्हा त्याच्या आवाजात ही गोडी नव्हती.

आमचं हीटिंग बघायला येतो त्या माइस्टरची, म्हणजे वरची परीक्षा दिलेल्या कारागिराची, पात्रता इथे पदवीच्या बरोबरीची धरतात. आपल्याकडे आयटीआय झालेल्या मुलाला स्थळ आणताना काय बोललं जातं ते मला सांगायला लावू नका. ‘तिथेही चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते, आणि बाहेरून आलेल्यांची मुलं मागे राहतात,’ असं बहिणीने मला सुनावलं. खरं आहे. माझ्या मुलीच्या चौथीत ती धास्ती आम्हीही घेतली. पण वर्कशॉपमध्ये गेलेल्या मुलाला इथे कुणी हरलेला म्हणत नाही.

मला राग येतो तो आणखी एका कारणाने. माझी वाट आखलेलीच होती: दहावीला गुण, विज्ञान, इंजिनियरिंग, कंपनी, परदेश. माझे बार्शीत सत्कार झाले. मला काय हवंय हे कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. पुतण्याने विचारलं, आणि त्याचा मला हेवा वाटतो.

नागरिकत्वाचा माझा अर्ज भरून तयार आहे. जून २०२४ पासून जर्मनी दोन नागरिकत्वं चालवून घेते; भारत घेत नाही. निळा पासपोर्ट परत करावा लागेल. ‘काका, अडलंय कुठे?’ असं त्याने विचारलं. अडलंय ते याच ग्रुपवर. पासपोर्ट दिला की हीच माणसं ‘तू आता तिकडचा, तू बोलू नकोस’ म्हणतील, आणि ते ऐकायची माझी अजून तयारी नाही. ज्यांच्यावर इतका चिडतो त्यांनीच मला आपला म्हणायला हवंय.

म्हणून बोलायचा हक्क आहे तोवर बोलतो. लग्नकार्यात वहिनींना विचारतात, ‘मुलगा काय करतो?’ त्या म्हणतात, ‘जर्मनीला असतो,’ आणि विषय बदलतात. वहिनी, नर्स होतोय म्हणून सांगा. समोरच्याने नाक मुरडलं तर माझा नंबर द्या.