काय दिवे लावलेत!

भर दुपारी बाराला आमच्या गल्लीतले एलईडी ढणाढणा जळतात, आणि रात्री नेमका वळणावर काळोख! २०१५ साली केंद्राची पथदिव्यांची योजना आली, पिवळे सोडियमचे दिवे गेले, वीज निम्म्याने वाचते म्हणे. वाचत असेलही, पण दिवसभर चालूच ठेवलेत तर वाचलेली जाते कुठे? खांबावरच्या पेटीतला टायमर बिघडलाय, एवढंच तर आहे! पावसाळ्यात विजेचा दाब खालीवर झाला की दिव्याच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताची वीज देणारं सर्किट, उडतो, मग दिवा रात्रभर डोळे मिचकावतो. वायरमनला सांगा, ‘साहेब, ते ठेकेदाराकडं.’ ठेकेदार म्हणतो, मुदत संपली. आणि चुकून नवा बसवलाच, तर त्याचा पांढराफटक झोत रस्ता सोडून थेट आमच्या बेडरूममध्ये!