"हील म्हणजे टर्न वाया" हे साफ चूक आहे, प्रीस्ट खेळून बघा

कार्ड गेम खेळणाऱ्यांच्यात सध्या एक मेसेज फिरतोय, माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. म्हणणं असं की कार्ड बॅटलमध्ये हील करणं (गेलेली हेल्थ परत भरणं) म्हणजे टर्न वाया घालवणं, हील असतो फक्त आपल्या हीरोला (म्हणजे खेळाडूला, त्याची हेल्थ संपली की मॅच गेली) वाचवायला, त्याने मॅच जिंकत नाहीत तर हरणं दोन टर्न लांबतं, समोरच्याला हील देणारं कार्ड म्हणजे कचरा, आणि हेल्थ फुल असली की हीलची कार्डं हातात पडून राहतात. नवीन पोरं हे वाचून प्रीस्ट (हीलवर चालणारा क्लास) सोडून देतायत, म्हणून लिहायला बसलो. मी हर्थस्टोन या ऑनलाइन कार्ड गेमबद्दलच बोलतो, 2014 पासून खेळतोय आणि त्यातला बहुतेक वेळ प्रीस्टच.

आधी ते "फक्त आपल्या हीरोला" घेऊ, कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. प्रीस्टची हीरो पॉवर (कार्डाशिवाय वापरता येणारी ताकद) 2 मानाला (माना म्हणजे कार्ड खेळायची किंमत) 2 हेल्थ देते आणि ती कोणालाही देता येते, आपल्या मिनियनला (बोर्डवर उतरवलेला लढवय्या), समोरच्याच्या मिनियनलासुद्धा. आता नॉर्थशायर क्लेरिक बघा, 1 मानाची, 1 अटॅक 3 हेल्थ, आणि कुठलाही मिनियन हील झाला की तुम्हाला एक कार्ड मिळतं. समोर 2/1 चा (2 अटॅक, 1 हेल्थ) मिनियन आहे, क्लेरिकने त्याला मारलं, ती स्वतः 1 वर आली, हीरो पॉवरने परत 3 वर नेली आणि हातात एक कार्ड आलं. म्हणजे त्याचा मिनियन गेला, माझी क्लेरिक नवीकोरी उभी आणि वर एक पत्ता, यात वाया काय गेलं सांगा ना.

आणि हे तर साधं झालं. खरी मजा वाइल्ड पायरोमॅन्सर सोबत असेल तेव्हा, तो तुमच्या प्रत्येक स्पेलनंतर (स्पेल म्हणजे मिनियन नसलेलं, टाकलं की लगेच परिणाम करणारं कार्ड) सगळ्या मिनियन्सना 1 डॅमेज देतो. क्लेरिक आणि पायरो बोर्डवर, समोर तीन मिनियन, प्रत्येकाची हेल्थ 2 च्या वर. मी क्लेरिकवर पॉवर वर्ड शील्ड टाकतो (जुनं, 1 मानाचं, कार्ड देणारं), पायरो सगळ्यांना 1 चा फटका देतो, म्हणजे आता पाचही जण जखमी. मग सर्कल ऑफ हीलिंग, 0 माना, सगळ्या मिनियन्सना 4 हेल्थ. पाच जण हील झाले म्हणून पाच कार्डं, शील्डचं एक धरून सहा! त्यात समोरच्याचे तीन मिनियन मी स्वतःच्या हाताने बरे केले आणि फायदा माझा झाला, आणि त्या स्पेलनंतर पायरोचा 1 डॅमेज परत पडतोच. सगळं मिळून 4 माना. क्रम मात्र चुकवू नका, आधी सर्कल टाकलंत तर कोणी जखमीच नसतं आणि क्लेरिक एकही कार्ड देत नाही.

इंजर्ड ब्लेडमास्टरचं पण तेच, 3 मानाला 4/7, पण खाली येताना स्वतःलाच 4 डॅमेज करून घेतो. सर्कल हातात असेल तर तिसऱ्या टर्नला धडधाकट 4/7 उभा.

"हीलने मॅच जिंकत नाहीत." ऑकेनाय सोलप्रीस्ट बोर्डवर असली की तुमचा प्रत्येक हील डॅमेज होतो. 4 मानाची ती, 0 मानाचं सर्कल, दोन्ही बाजूंच्या सगळ्या मिनियन्सना 4 डॅमेज, तिची हेल्थ 5 म्हणून ती एकटी 1 वर तग धरून राहते आणि समोरचा बोर्ड बऱ्याचदा साफ होतो. तेच काम एका टर्नपुरतं एम्ब्रेस द शॅडो 2 मानाला करतं, त्यावर दोन फ्लॅश हील (1 मानाला 5 हेल्थ) टाकले की 4 मानात समोरच्या हीरोला थेट 10. मॅजिक द गॅदरिंग या दुसऱ्या कार्ड गेममध्ये तर फेलिडार सॉव्हरिन नावाचं कार्डच आहे, तुमच्या टर्नच्या सुरुवातीला लाइफ 40 किंवा जास्त असेल तर मॅच तुमची. आता बोला.

समोरच्याला हील देणारं कार्ड म्हणजे झॉम्बी चाउ, 1 मानाला 2/3, मेला की समोरच्या हीरोला 5 हेल्थ. मेसेजमध्ये बहुतेक ह्याच्यावरच राग आहे. पण तो पहिल्या टर्नला येतो, दोन-तीन टर्नमध्ये मरतो, तेव्हा समोरचा 30 पैकी 30 वर असतो आणि 30 च्या वर हेल्थ जात नाही, मग ते 5 जातात कुठे? आणि उशिरा आला तर सोलप्रीस्ट सोबत ठेवायची, मेल्यावर तेच 5 डॅमेज म्हणून लागतात.

एक मॅच अजून डोळ्यासमोर आहे. प्रीस्ट विरुद्ध प्रीस्ट, त्याची क्लेरिक बोर्डवर, त्याच्या हातात नऊ कार्डं, आणि बोर्डवर दोघांचे मिळून चार मिनियन जखमी. माझी क्लेरिक नव्हती. मी सर्कल टाकलं, चारही जण हील झाले आणि त्याच्या क्लेरिकने त्यालाच चार कार्डं ओढायला लावली. हातात दहाच मावतात, एक आत गेलं, तीन डोळ्यांदेखत जळाली, म्हणजे कायमची गेली. त्याचा डेकही संपत आला होता आणि डेक संपला की पुढच्या प्रत्येक ड्रॉला 1, मग 2, मग 3 असा चढता डॅमेज बसतो. त्याला मी हील देऊनच मारलं, अक्षरशः.

फुल हेल्थवाला मुद्दा जुन्या कार्डांपुरता बरोबर आहे, क्लेरिकला जखमी मिनियन लागतोच. पण 2023 मध्ये ओव्हरहील नावाचा कार्डांचा इफेक्ट आला, तो फुल हेल्थच्या वर हील दिल्यावरच चालतो.

यातली क्लेरिक आणि सोलप्रीस्ट 2020 मध्ये स्टँडर्डमधून (फक्त ठरावीक कार्डं चालणारा प्रकार) काढली, वाइल्डमध्ये (जुनी कार्डंही चालणारा प्रकार) चालतात, तिथे खेळून बघा.

आणि "हरणं लांबतं" याबद्दल, लांबू दे की. रेनो जॅक्सन 6 मानाचा, डेकमध्ये एकही डबल कार्ड उरलं नसेल तर हीरो पूर्ण हील. समोरच्या अ‍ॅग्रोवाल्याने (सुरुवातीपासून जोरात हल्ला करणाऱ्याने) सगळी कार्डं संपवून मला 3 वर आणलेलं असतं आणि मी परत 30, त्याचा हात रिकामा, तिथून तो काय जिंकणार. एकाच ठिकाणी मेसेज खरा आहे, समोरचा एकाच टर्नमध्ये 30 च्या वर डॅमेज देणारा कॉम्बो जमवत असेल तर हीरोला कितीही हील द्या, काही होत नाही. तिथे ती कार्डं मीही डेकमधून काढतो.