हिंगाला वेगळी वाटी कशाला? काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, (चाळीस वर्षं स्वयंपाक करतेय असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काकू म्हणतेय, रागावू नका) फोडणीआधी सगळे जिन्नस वाट्यांत काढून ठेवा, त्यासाठी आठ काचेच्या वाट्यांचा सेट घ्या, असा लेख मी टाकला होता, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की चिमूटभर हिंगाला वेगळी वाटी लावायची, डझनभर वाट्या ओट्यावर मांडायच्या आणि मग त्या घासायच्या कोणी, टीव्हीवरच्यांना मागे भांडी घासायला माणसं असतात, आणि घरात वाट्या असताना काचेचा सेट विकत घ्यायला सांगणं ही निव्वळ हौस. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण आधी रागच आला होता, पण काल मावशी आल्या नाहीत आणि रात्री अकराला सिंकमधला ढीग बघितल्यावर वाटलं की अर्धं तरी तुमचं बरोबर आहे.

हिंगाचं आधी. हिंगाला वाटी मी पण घेत नाही हो! त्या लेखातल्या फोटोत हळद, तिखट, हिंग सगळं वेगवेगळं मांडलंय ते फोटो बरा यावा म्हणून, ते चुकलंच. मिसळणाचा डबा म्हणजे मुळातच वाट्यांचा सेट, झाकणासकट, आणि तो रोज घासावा पण लागत नाही. मोहरी, जिरं, हळद त्यातून चमच्याने थेट कढईत, हिंग डबीतून, विषय संपला.

पण तयारीच नको हे मात्र मला पटलं नाही. मोहरी तडतडली की हातात फार तर अर्धं मिनिट असतं. माझी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली आमटी अशी असायची की मोहरी उडायला लागली की मला आठवणार लसूण सोललेलाच नाहीये, मग एका हाताने गॅस बारीक, दुसऱ्या हाताने ती चिकट सालं, तोवर हळद काळी आणि घरभर ठसका, आणि नवरा बाहेरून विचारणार "काय जळलं?" आईला हे कधी झालं नाही कारण ती विळीवर बसली की एका ताटलीत कांद्याचा ढीग, त्याच्या बाजूला मिरच्या, कडेला कढीपत्ता, असं सगळं घेऊनच उठायची. ताटली एकच, पण तयारी तीच की नाही? तुम्ही फुलपात्रात भागवता म्हणालात, तेही तेच झालं.

तेव्हा माझा आत्ताचा हिशोब सांगते, मूळ लेखात हा लिहायला हवा होता. जिन्नस किती आहेत ते मोजायचं नाही, कढईत एका वेळी काय पडणार ते बघायचं, आणि एकदम जे पडणार ते एकाच वाटीत. मसालेभाताचं बघा. मिरची, कढीपत्ता, काजू फोडणीतच जाणार, ही एक वाटी. गोडा मसाला, तिखट, धने-जिरेपूड आणि मीठ एकत्र, ही दुसरी. वांग्याच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात, त्याला वाटी पुरतच नाही, पातेलंच लागतं, आणि तोंडली-मटार पातेल्याच्या झाकणावर. तांदूळ धुऊन चाळणीत. मसाल्याची वाटी कोरडीच असते, ती रिकामी झाली की तिच्यातच ओलं खोबरं आणि कोथिंबीर. म्हणजे एवढ्या मोठ्या पदार्थाला वाट्या दोन! मासे-चिकनची वाटी तेवढी कायम वेगळी, ती घासल्याशिवाय तिच्यात दुसरं काही ठेवायचं नाही, तिथे काटकसर नको.

आता विकत घेण्याचं. घरात स्टीलच्या वाट्या असतील तर काहीही घेऊ नका, हे माझं पण म्हणणं. घ्यायच्याच असतील तर सपाट, रुंद बुडाच्या घ्या, गोल बुडाची हलकी वाटी चमचा टेकवला तरी लवंडते आणि ओट्यावर तिखट सांडलं की ते दिवसभर कुठेकुठे लागतं ते तुम्हाला सांगायला नको. आणि दुकानदार चुंबक लावून दाखवतो ना, "चिकटत नाही बघा, भारी स्टील", त्यावर जाऊ नका. 304 ग्रेडच्या चांगल्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरं, पण कमी निकेलचं स्वस्त 202 असतं त्यालाही चिकटत नाही. पितळी वाट्या दिसायला सुंदर, पण कल्हई गेलेल्या असतील तर चिंचेचा कोळ, कोकम, दही त्यात ठेवायचं नाही. प्लास्टिकच्या हळदीने पिवळ्या होतात (धुऊन उन्हात ठेवल्या की डाग बराच उतरतो), आणि सिलिकॉनच्या वाटीला लसणाचा वास बसला की तो सहजी हलत नाही, माझ्याकडे एक आहे, तिच्यात फक्त लसूणच ठेवते आता, करणार काय.

राहिला तो काचेचा सेट. आठ वाट्या होत्या. एक पोराने फोडली, ते सोडा. दुसरीत काकडीची कोशिंबीर केली होती, दही फ्रीजमधलं गार, वरून कडकडीत फोडणी ओतली ती नेमकी कडेवरून ओघळली आणि टच्च असा आवाज, बघते तर कडेपासून बुडापर्यंत तडा. साधी काच होती, बोरोसिलिकेट (गरम-गार सोसणारी) असती तर कदाचित टिकली असती. काचेची भीती नको म्हणून अख्खी कोशिंबीर टाकून दिली, चार काकड्या आणि पाव किलो दही. हे सगळं लेख टाकल्यानंतर झालं आणि लेख तसाच राहिला, त्याबद्दल मात्र तुम्ही माझे कान उपटलेत ते मान्य.

"आठ वाट्यांचा सेट घ्या" ही ओळ आज काढून टाकली आणि तिथे मसालेभाताचा हिशोब लिहिलाय. उरलेल्या सहा वाट्या कपाटात वर ठेवल्यात, पाहुणे आले की श्रीखंडाला काढते.