सत्तर वर्षांची अट

दिग्या आजही कट्ट्यावर आला नाही. कारण सगळ्यांना माहीत, म्हणून कोणी विचारलं नाही. विषय काढला विल्सनने, कारण त्याला राहवत नाही.

“मी रोज सकाळी सहाला त्याला बायबलचं वचन पाठवतो. दोन निळ्या रेघा येतात, उत्तर येत नाही.”

“नोकरी गेलेल्या माणसाला सहाला उठवतोस?” पक्या म्हणाला. “तेवढं एक सुख तरी राहू दे की त्याला.”

विल्सन मूळ नगरचा, पिढीजात प्रोटेस्टंट. बोलायला लागला की शिवाजी पार्कचा कट्टा सोडून थेट व्यासपीठावर पोचतो. त्याने मोबाइल काढून वाचलंच: यिर्मया, अध्याय 29, वचन 11. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत. मागे सूर्योदय, बाजूला कबुतर आणि खाली कोपऱ्यात, का कोण जाणे, विल्सनचाच फोटो.

तेवढ्यात डॉमी आला. बुधवार, म्हणजे माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाच्या प्रार्थनेहून. (नानाही जातात. मंगळवारी सिद्धिविनायक, बुधवारी माहीम. बँकेत आयुष्य गेलं, दोन ठिकाणी खातं ठेवायची सवय.)

“आता दहावं वाच,” डॉमी म्हणाला.

विल्सनने बोट वर सरकवलं. “बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर...” आवाज जरा उतरला.

“कैद करून बाबेलला नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते. दिग्या आज 46चा आहे, हिशेब कर. अट लपवून स्कीम विकली तर सेबी नोटीस पाठवते, विल्सन.”

“तुम्ही कॅथलिक कधीपासून बायबल वाचायला लागलात? माउंट मेरीला मेणाची घरं वाहून फ्लॅट मागणारी माणसं तुम्ही.”

“मिळाला ना. म्हाडाचा.”

नानांनी मध्येच स्वामी समर्थांचं काढलं. भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे, एवढं एक वाक्य पुरतं म्हणे माणसाला. विल्सन ताडकन म्हणाला, हे यशयाच्या 41व्या अध्यायात आधीच आहे. मग कॉपीराइट कोणाचा यावर दहा मिनिटं गेली. पक्याचं म्हणणं, पाठीशी सगळेच असतात, हप्ता भरायला पुढे कोणी येत नाही.

“मी गेलो होतो रविवारी,” डॉमी म्हणाला. “बोंबील घेऊन. वहिनींनी तळले. पोटभर जेवलो आणि मग त्याला सांगितलं, दिग्या, नोकरी गेली म्हणून तू पीत नाहीस. नोकरी होती तेव्हाही पीत होतास. फक्त तेव्हा बिल कंपनी भरायची.”

कोणी हसलं नाही.

“मग?” मी विचारलं.

“आईवरून शिव्या घातल्या. मग रडला.”

“खचलेल्या माणसाशी असं बोलतात?” विल्सन उसळला. “बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रही असेच गेले होते खरं सांगायला. शेवटी देव त्यांच्यावरच भडकला!”

विल्सनच्या तोंडून बिनतोड मुद्दा येतो तेव्हा फार अवघड जातं.

“सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं बरोबर केलं,” डॉमी म्हणाला. “तोंड उघडलं आणि घाण केली. कारण ईयोबाने काही केलंच नव्हतं. दिग्याने केलंय. दाविदाने पाप केलं तेव्हा नाथान संदेष्टा त्याला तोंडावर म्हणाला ना, तो माणूस तूच म्हणून? राजा होता समोर.”

“आणि बोंबील कुठल्या अध्यायात?” पक्या.

“एलीया संदेष्ट्याच्या. झुडपाखाली मरण मागत बसला होता. दूताने भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. उठवलं आणि परत भाकर. बोलणं नंतर, डोंगरावर.”

शनिवारी डॉमी दिग्याला एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला नेणार आहे. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांशी खरं बोलायचं ठरवलं, त्यातून निघालेली ही मंडळी. डॉमीला त्या खोलीची वाट कशी माहीत, ते कट्ट्याला ठाऊक आहे. कट्ट्याबाहेर ते बोलायचं नसतं.

“मी त्याच्यासाठी प्रार्थना करतोच आहे,” विल्सन जरा दुखावून म्हणाला.

“कर ना. मीही आत्ता तेच करून आलो. पण याकोबाचं पत्र काढ, दुसरा अध्याय. उघड्या-उपाशी भावाला म्हणायचं, सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव. आणि द्यायचं काहीच नाही. याला तो काय म्हणतो बघ.”

“काहीच नाही कसं? फोटो देतो की, स्वतःचा,” पक्या म्हणाला.

“देण्यावरून आठवलं,” नाना म्हणाले, “अलिबागचे माझे साडेतीन हजार, विल्सन.”

“नाना, ते वर्गणीत वळते झाले होते!”

“कुठल्या वर्गणीत? टीममधून मला काढलं तेव्हा?”

मग कोणी कोणाला धावबाद केलं हे निघालं, आणि ते प्रकरण निघालं की रात्र होते. चहावाला पोरगा पैशांसाठी येऊन उभा राहिला. विल्सनने एक खिसा चाचपला, मग दुसरा. पक्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला. “सुखाने जा बाळा. ऊब घे, पोटभर जेव.”

“साठ झाले,” पोरगा म्हणाला.