मंत्री, मॅक्रॉन आणि शिऱ्याचा रवा

पॅरिसबाहेरच्या आमच्या उपनगरात शिऱ्यासाठी बारीक रवा हवा असेल, तर सुपरमार्केटमधल्या एका ठरावीक रॅककडे जावं लागतं. तिथे कुसकुस, छोले, खजूर आणि हलालची पाकिटं असतात, पलीकडे ज्यूंचं कोशर, खाली बासमती. अल्जेरियन बायका त्या रव्याच्या जाड भाकऱ्या भाजतात, मी सत्यनारायणाचा प्रसाद करते. २० ऑक्टोबर २०२० रोजी फ्रान्सचे तेव्हाचे गृहमंत्री जेराल्ड दार्मानँ टीव्हीवर म्हणाले, की दुकानात शिरल्यावर असे एकेका जमातीच्या जेवणाचे रॅक दिसले की आपल्याला नेहमीच धक्का बसतो. जमातवाद असाच सुरू होतो, असंही म्हणाले.

मी हसले. मग लक्षात आलं, की मंत्र्यांच्या धक्क्यात माझाही रवा आहे.

त्या वक्तव्याच्या चार दिवस आधी, दिवाळीसारख्या इथल्या शरदातल्या सुटीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी, कॉन्फ्लाँ-सँत-ओनोरीन गावातल्या शाळेतल्या सॅम्युएल पाती या शिक्षकाचा शाळेजवळ गळा चिरून शिरच्छेद झाला होता. अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवताना त्यांनी 'शार्ली एब्दो' या व्यंगसाप्ताहिकातली पैगंबरांची व्यंगचित्रं वर्गात दाखवली होती. त्याविरुद्ध घरी तक्रार करणारी मुलगी त्या तासाला वर्गात नव्हतीच, हे नंतर उघड झालं. तिच्या वडिलांनी ती थाप खरी मानून व्हिडिओ टाकले, ते पसरले, आणि शिक्षकाला कधीही न पाहिलेला चेचेन वंशाचा अठरा वर्षांचा पोरगा दुसऱ्या गावाहून सुरा घेऊन आला. खून त्याने केला. त्याची जबाबदारी कुठल्याही भाषणावर ढकलायची माझी तयारी नाही, हे आधीच सांगते.

पण त्या महिन्यात नेत्यांच्या तोंडून जे निघालं, ते मी इथे बसून ऐकत होते आणि सांगलीहून मामांच्या फोनवरूनही ऐकत होते. मामा खूश होते. "तुमचा मॅक्रॉन काय बोललाय गं! फुटीरतावाद्यांना सरळ करणार म्हणाला. असा माणूस पाहिजे."

मामा म्हणत होते ते भाषण खुनाच्या दोन आठवडे आधीचं, २ ऑक्टोबरचं. ले म्युरो या गावात, म्हणजे पातींच्या शाळेच्याच जिल्ह्यात, राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन तासाभराहून जास्त बोलले. जगभर गेलं ते एकच वाक्य : इस्लाम हा आज जगात सगळीकडे संकटातून जाणारा धर्म आहे. त्याच भाषणात ते असंही म्हणाले होते, की गरीब वस्त्या शहराबाहेर ढकलून आपणच आपला फुटीरपणा उभा केला. अल्जेरियाच्या युद्धाची जखम, वसाहतींचा इतिहास, शाळांत अरबी शिकवण्याचा बेत, इमामांना परदेशातून न आणता इथेच घडवण्याची योजना, हे सगळं त्यात होतं. मामांना यातलं काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. २ तारखेला मीसुद्धा मथळाच वाचला होता. भाषण ऐकलं ते मामांशी भांडायला.

आणि भांडणात पहिली अडचण शब्दांचीच आली. मॅक्रॉन यांचा शब्द होता 'सेपारातिस्म'. मराठी बातमीत त्याचा 'फुटीरतावाद' होतो, आणि मराठी कानाला फुटीरतावाद म्हटलं की काश्मीर दिसतं, हुर्रियत दिसते. फ्रान्समधल्या मुसलमानांनी कुठला प्रांत तोडून मागितलेला नाही. मॅक्रॉन बोलत होते ते मुलींना पोहण्याच्या तासाला न पाठवणं, मुलांना घरीच शिकवणं, अशा गोष्टींबद्दल. त्या गंभीर नाहीत असं नाही, पण ते काश्मीर नव्हे. तसंच 'लाइसिते'चं. आपण तिला धर्मनिरपेक्षता म्हणतो आणि मनात सर्वधर्मसमभाव आणतो. पंतप्रधानांनी मंदिरात जावं, दर्ग्यावर चादर पाठवावी, नाताळच्या शुभेच्छा द्याव्यात. इथे १९०५ च्या कायद्याने सरकारने चर्चपासून हात झटकले, आणि २००४ पासून सरकारी शाळेत हिजाबच नव्हे तर शिखांची पगडीही चालत नाही. मामांना पगडीचं सांगितलं तेव्हा ते थोडे थांबले. "पगडी कशाला?" म्हणाले.

माझं मॅक्रॉन यांच्याशी भांडण इथेच आहे. पाती गेल्यावर २१ तारखेला सोरबॉन विद्यापीठात त्यांनी, आम्ही व्यंगचित्रं सोडणार नाही, असं ठणकावलं. ते योग्यच होतं. तेव्हा वेगळं काही बोलणं हा भित्रेपणा ठरला असता. पण ज्या राज्याने कुठल्याही धर्माची दखल न घेण्याचं व्रत घेतलंय, त्याच्या प्रमुखाने एका धर्माची नाडी कुठल्या अधिकाराने बघावी? कायदा कोण मोडतो ते सांगायचं. धर्माला ताप आहे की नाही, हे त्या धर्मातल्यांनी आपसात ठरवावं. पुढे २०२२ ची निवडणूक होती, समोर कट्टर उजव्या मारीन ल पेन होत्या. ते वाक्य त्या गल्लीसाठी होतं असा माझा अंदाज. पडलं मात्र इस्तंबूलला.

तिथे तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान तयारच होते. भूमध्य समुद्रातला वायू, लिबिया, आर्मेनिया-अझरबैजान, सगळीकडे त्यांचं फ्रान्सशी वाजलेलं, त्यात त्यांचं चलन लिरा घसरत होतं. मॅक्रॉन यांना मानसिक उपचारांची गरज आहे, म्हणाले. फ्रान्सने राजदूत माघारी बोलावला. फ्रेंच मालावर बहिष्कार घाला, हे पुढचं पाऊल. कुवेत-कतारमध्ये दुकानांतून फ्रेंच चीज उतरलं. पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खानही तुटून पडले. चीनमधल्या उइघुर मुसलमानांचा विषय निघाला की तेच खान आपल्याला फारसं माहीत नाही म्हणत. मलेशियाचे माजी पंतप्रधान महाथीर यांनी तर कहर केला : मुसलमानांना लाखो फ्रेंचांना मारण्याचा हक्क आहे, असं लिहिलं. ओरड झाल्यावर म्हणाले, माझं पुढचं वाक्य कुणी वाचलंच नाही, त्यात मुसलमान तसं करत नाहीत असं होतं. होतं, खरंच होतं. म्हणजे एकच वाक्य उचललं गेलं, ही मॅक्रॉन यांची आणि त्यांची तक्रार एकच.

त्याच दिवशी, २९ ऑक्टोबरला, नीसच्या चर्चमध्ये तिघांना भोसकून मारलं गेलं. आणि त्याच सुमारास मुंबईत मोहम्मद अली रोडवर मॅक्रॉन यांची पोस्टरं डांबरावर चिकटवली गेली, वरून गाड्या जात होत्या. आपलं परराष्ट्र खातं मॅक्रॉन यांच्या बाजूने बोलल्यामुळे मामांची छाती फुगलेली. माझी कॉलेजमधली मैत्रीण मूळची दापोलीकडची, कोकणी मुसलमान, माझगावला राहते. मी विचारलं, तर वैतागून म्हणाली, "अगो, चिकटवणाऱ्यांतल्या किती जणांना तो काय बोलला ते ठाऊक आहे? आणि उद्या ऑफिसात उत्तर कुणी द्यायचं? मी."

आमच्या वरच्या मजल्यावरच्या अल्जेरियन बाईही त्या दिवसांत जिन्यात दिसल्या की आधी पातींबद्दल हळहळत आणि मगच नमस्कार करत. मला असं आधी काही सिद्ध करावं लागत नव्हतं. त्याच बाई कधी मूडमध्ये असल्या की २००३ सांगतात. तेव्हाचे फ्रेंच अध्यक्ष शिराक यांनी इराकच्या युद्धाला नकार दिला, मार्चमध्ये ते अल्जिअर्सला गेले तेव्हा रस्ते माणसांनी फुलले होते. ज्या फ्रान्सशी लढून देश सुटला त्याच्याच अध्यक्षाला बघायला! हिजाबाचा कायदाही पुढच्याच वर्षी शिराक यांनीच आणला, हे मी आठवण करून दिलं. "ते वेगळं," म्हणाल्या. का वेगळं, ते काही सांगितलं नाही.

भांडण मिटावं म्हणून मी मामांना आणि मैत्रिणीला, दोघांनाही, ले म्युरोच्या अख्ख्या भाषणाची लिंक पाठवली. मामांनी अंगठ्याची इमोजी पाठवली. ती म्हणाली, "फ्रेंचमध्ये आहे गो." मग मीच एका रविवारी वही घेऊन मराठी करायला बसले. पहिल्या पानावर 'सेपारातिस्म' आला. फुटीरता लिहिलं, खोडलं. अलगपणा, वेगळी चूल, वाळीत राहणं, सगळं लिहून खोडलं. 'वेगळी चूल' त्यातल्या त्यात बरा होता, पण मामांना तो भावकीचा वाटला असता.